समशेरीत सिंह नाही

डिसेंबरात एका लग्नाच्या निमित्ताने तालुक्याच्या गावी गेलो होतो, दुपार मोकळी होती म्हणून तिथलं छोटं वस्तुसंग्रहालय बघून आलो. दोन खोल्या, एक पंखा, काचेच्या कपाटात भाले, कट्यारी, दोन दांडपट्टे आणि अगदी शेवटी एक इराणी बनावटीची तलवार, चांगलीच वाकडी, बारीक पात्याची. खाली टाईप करून चिकटवलेली पाटी. 'शम म्हणजे नख, शेर म्हणजे सिंह. सिंहाच्या नखासारखी वाकडी म्हणून शमशेर, त्यावरून मराठी समशेर.' शेजारी सहावी-सातवीची सहल उभी होती, बाई पाटी मोठ्याने वाचून दाखवत होत्या आणि पोरं वहीत उतरवून घेत होती. एका मुलीने काचेला नाक लावून तलवारीचं टोक बघितलं आणि स्वतःचं बोट नखासारखं वाकवून मैत्रिणीला दाखवलं.

मला ते बघून बरं वाटलं आणि त्याच वेळी आतून चरचरलं, कारण ती व्युत्पत्ती चूक आहे. काही लोकांचं असं मत, काही लोकांचं तसं, अशातला हा प्रकार नाही, सरळ चूक आहे आणि ती चूक असल्याचा पुरावा आहे. मोडी कागद वाचायला लागलो तेव्हा फारसी शब्दांवाचून गाडी पुढे सरकेना म्हणून मी दोन वर्षं फारसी शिकलो, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे हे कबूल, पण म्हणून हे फक्त फारसी शिकलेल्यांचं भांडण नाही. सार्वजनिक ठिकाणी, पोरांसमोर, सरकारी किंवा ट्रस्टच्या पाटीवर शब्दाचं मूळ सांगायचं असेल तर त्याला पुरावा लागतो का नाही, एवढाच माझा प्रश्न आहे. माझं म्हणणं, लागतो. आणि पुरावा अर्धवट असेल तर 'मूळ अजून ठरलेलं नाही' हेसुद्धा पाटीवर लिहिता आलं पाहिजे.

आता पुरावा सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे हा शब्द वाकड्या तलवारीपेक्षा कितीतरी जुना आहे. पहिल्या शतकात जोसेफस नावाचा ज्यू इतिहासकार रोममध्ये बसून ग्रीक भाषेत ज्यूंचा इतिहास लिहीत होता, ते काम इ. स. ९३-९४ च्या सुमाराला पुरं झालं. त्यात आडियाबेनी नावाच्या राज्याची हकीकत आहे, म्हणजे आजच्या इराकमधल्या अर्बिलच्या आसपासचा मुलूख, पार्थियन म्हणजे त्या वेळच्या इराणी साम्राज्याच्या छायेतला. तिथला राजा वारला, ज्याला गादी मिळायची तो धाकटा मुलगा इझातिस लांब होता, तेव्हा राणी हेलेनाने तो येईपर्यंत थोरल्याला राज्य सांभाळायला बसवलं, त्याच्या डोक्याला राजपट बांधला, बापाची मुद्रेची अंगठी दिली आणि अजून एक वस्तू दिली, जिला ते लोक 'साम्प्सेरा' म्हणतात असं जोसेफस लिहितो. ही साम्प्सेरा म्हणजे आपली शमशेरच, असं अभ्यासक मानतात. शेजारच्या सिरीयक भाषेतही तलवारीला 'सफसेरा' हा शब्द आहे. म्हणजे इस्लामच्या पाचशे वर्षं आधी हा शब्द दुसऱ्या भाषांच्या कानावर पडलेला होता आणि त्यात 'म'च्या जागी किंवा 'म'च्या पाठोपाठ प-फ ऐकू येत होता, जो 'शम' अधिक 'शेर' या फोडीत कुठेच बसत नाही.

त्या काळची इराणी तलवार कशी होती हे बघायचं असेल तर केरमानशाहजवळ ताक-ए-बोस्तान आहे. डोंगराच्या पायथ्याशी झरा, तळं आणि खडकात कोरलेल्या कमानी, त्यातल्या छोट्या कमानीत दोन सासानी राजे, म्हणजे पार्थियनांनंतरच्या इस्लामपूर्व इराणी घराण्यातले, शेजारी शेजारी उभे आहेत, दुसरा शापूर आणि तिसरा शापूर, पहलवी म्हणजे त्या काळच्या इराणी लिपीत त्यांची नावं लिहिलेली आहेत. दोघांनीही आपापली तलवार समोर धरलीय, मूठ वर, टोक जमिनीकडे, दोन पायांच्या मधोमध. पट्टीने रेघ मारावी तशी सरळ. चौथ्या शतकातलं काम आहे हे. सासानी काळातल्या ज्या तलवारी जगभरच्या संग्रहालयांत आहेत त्याही अशाच लांब आणि सरळ आहेत. म्हणजे ज्या लोकांनी हा शब्द घडवला आणि वापरला त्यांच्या कमरेला वाकडी तलवार नव्हतीच, मग नखासारखी वाकडी म्हणून त्यांनी तिला शमशेर कसं म्हटलं असेल?

दुसरा पुरावा मला जास्त आवडतो कारण तो शब्दाच्या पोटातच आहे. आज सिंहाला फारसीत शेर किंवा शीर म्हणतात म्हणून आपल्याला शमशेरमध्ये सिंह दिसतो. पण सासानी काळच्या पहलवी भाषेत सिंहाला 'शग्र' म्हणत होते, पार्थियन भाषेत 'शर्ग'. त्या 'शग्र'मधला 'ग' हळूहळू विरघळला आणि पुढे त्याचा 'शेर' झाला. आणि त्याच पहलवीत तलवारीला काय म्हणत होते? 'शमशेर'च. म्हणजे सिंह शेर व्हायच्या आधीच तलवार शमशेर होती! सिंहावरून नाव पडलं असतं तर पहलवीत तलवारीला 'शमशग्र' असं काहीतरी म्हटलेलं सापडायला हवं होतं, ते सापडत नाही. दोन शब्द वेगवेगळ्या गावांहून निघाले, चालता चालता त्यांचे आवाज एकसारखे झाले आणि मग लोकांना वाटलं की हे भाऊभाऊ आहेत.

मग खरं मूळ काय? त्यावर भाषाशास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. मला यात काही कमीपणा वाटत नाही. दोन हजार वर्षं माणसांच्या तोंडात असलेल्या शब्दाने आपल्या जन्माचा दाखला जपून ठेवलाच पाहिजे असं थोडंच आहे.

वाकडेपणा नंतर आला. मध्य आशियातल्या घोडेस्वार टोळ्यांकडे बाकदार तलवार होती, तुर्क आणि मग मंगोल इराणात आले तसा तो बाक तिकडे रुजत गेला आणि सफावींच्या काळात, म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकात, आज आपण जिला इराणी तलवार म्हणतो तिचा घाट पक्का झाला. त्याच काळातल्या चित्रकारांनी शाहनामा, म्हणजे इराणच्या जुन्या राजांचं महाकाव्य, रंगवला तेव्हा फिरदौसीच्या इस्लामपूर्व वीरांच्या हातात आपल्या जमान्याची वाकडी तलवार दिली, जशी आपल्या कॅलेंडरांवर रामायणातली माणसं मखमली अंगरखे घालतात. फिरदौसीने १०१० साली काव्य संपवलं तेव्हा शमशेर हा शब्द वापरला, चित्रं त्यानंतर पाचशे वर्षांनी रंगली, आणि बघणाऱ्याने शब्द आणि आकार एकत्र बांधून टाकला.

ती तलवार जवळून बघितलीत तर लोकांना भुरळ का पडते ते कळतं. पातं जेमतेम दोन बोटं रुंद, वर मुठीपाशी बराच भाग जवळजवळ सरळ आणि मग एकदम झुकायला लागतं, टोकाकडे निमुळतं होत जातं, मध्ये पन्हळ नाही. मूठ साधी, आडवी पट्टी आणि शेवटी एका बाजूला वळलेली बोंडी, घोड्यावरून वार करताना हातातून सुटू नये म्हणून. भोसकायला ही सोयीची नाही, घोडा पुढे जातो आणि धार अंगावरून ओढली जाते, त्या ओढण्यातच तिची सगळी ताकद. आणि पात्यावर नीट उजेड पाडलात तर पाण्यावर वारा फिरावा तशी नक्षी दिसते, तिला जौहर म्हणतात. काही पात्यांवर ठराविक अंतरावर आडव्या पायऱ्या दिसतात, त्या नक्षीचं नाव 'किर्क नर्दबान', चाळीस पायऱ्यांची शिडी. ही नक्षी वरून काढलेली नसते, ती पोलादाच्या अंगातच असते, आम्लाने पातं धुतलं की वर येते.

आणि हे पोलाद कुठलं? बरंचसं आपल्या दख्खनचं. लोखंड आणि झाडपाला मातीच्या मुशीत बंद करून भट्टीत वितळवायचं आणि सावकाश थंड होऊ द्यायचं, त्यातून भाकरीच्या उंड्याएवढा गोळा निघायचा, कानडी-तेलुगूत त्याला उक्कू म्हणतात, इंग्रजांनी त्याचं वूट्झ केलं. आजच्या तेलंगणात निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचं गाव आहे, तिथल्या भट्ट्यांचा माल इराणला जायचा. सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये गोवळकोंड्याच्या पोलादाबद्दल हेच लिहितो, आणि १८२० च्या सुमाराला हेन्री वॉयसी नावाचा इंग्रज भूशास्त्रज्ञ कोनासमुद्रमला गेला तर इस्फहानचा व्यापारी तिथे पोलाद घ्यायला येऊन बसलेला. आता गंमत म्हणून नाही, खरंच विचार करण्यासारखी गोष्ट आहे की आपण ज्याला पोलाद म्हणतो तो शब्दच फारसी आहे, पूलाद. धातू इथून तिकडे गेला आणि शब्द तिकडून इकडे आला. अरबी कवितेत चांगल्या तलवारीला 'मुहन्नद' म्हणतात, म्हणजे हिंदी, हिंदची. त्या गावच्या संग्रहालयात हे सगळं त्याच काचेमागे पडून होतं, पातं बोलायला तयार होतं, आणि आपण पोरांना काय सांगितलं, तर सिंहाचं नख.

लोक म्हणतात गोष्ट सांगितली की मुलांना गोडी लागते, एवढं काय मनावर घ्यायचं. मुलांना गोडी लागावी हे मलाही वाटतं, म्हणून तर एवढं लिहितोय. पण राणीने मुलाच्या हातात दिलेली साम्प्सेरा, खडकातली सरळ तलवार, तेलंगणातल्या मुशीतून इस्फहानपर्यंत गेलेला लोखंडाचा उंडा, ही गोष्ट कमी गोड आहे का? खोट्या गोष्टीने खऱ्या गोष्टीची जागा अडवली आहे हे माझं मुख्य दुखणं आहे. 'नखासारखी म्हणून' असं एकदा लिहिलं की पुढे विचारायला काही उरतच नाही, वही बंद.

ही फोड आजकालच्या कोणी बसून रचलेली नाही हेही सांगितलं पाहिजे. जुन्या फारसी कोशांतच ती आहे, कुणी 'शम'चा अर्थ नख करतो, कुणी शेपूट. असे मोठमोठे फारसी कोश बरेचसे हिंदुस्थानातच झाले, 'बुरहान-ए-काते' हा फार गाजलेला कोश १६५२ साली कुतुबशाहीत, हैदराबादेत तयार झाला. आणि दोनशे वर्षांनी दिल्लीत गालिब त्या कोशावर तुटून पडला, १८६२ साली त्याने 'काते-ए-बुरहान' छापून त्यातल्या चुका एकेक करून दाखवल्या, त्यावर उलट पुस्तकं निघाली, प्रकरण पार कोर्टापर्यंत गेलं. गालिबचं प्रत्येक म्हणणं बरोबर होतं असं नाही, पण शब्दाचा अर्थ आणि मूळ यासाठी एक म्हातारा कवी एवढ्या लोकांशी वैर घेतो हे मला फार मोठं वाटतं. कोशात छापलंय म्हणून खरं, हे त्याने मानलं नाही.

सिंह इतका चिकटून बसला त्याला अजून एक कारण असावं असं मला वाटतं. एकोणिसाव्या शतकात काजार राजांच्या काळात इराणचं राजचिन्ह ठरलं ते सिंह आणि सूर्य, आणि त्या सिंहाच्या पंजात वाकडी तलवार. नाण्यांवर, झेंड्यावर, सरकारी कागदावर पिढ्यान्पिढ्या लोकांनी सिंह आणि शमशेर एकत्र बघितली. १९७९ च्या क्रांतीनंतर ते चिन्ह गेलं, १९८० मध्ये नवं आलं, अल्लाह या शब्दाच्या आकाराचं, आणि त्याच्या मधोमध परत एक तलवार आहे, सरळ उभी. सिंह गेला, तलवार राहिली. आजच्या इराणात शमशीर म्हणजे कुठलीही तलवार, ऑलिम्पिकमधल्या फेन्सिंगलाही ते शमशीरबाजी म्हणतात आणि तिथली पाती तर सुईसारखी सरळ. 'शमशीर म्हणजे फक्त वाकडी' हा अर्थ युरोपातल्या शस्त्रसंग्राहकांनी पक्का केला आणि तिथून तो आपल्या पाट्यांवर उतरला.

शब्द पुढे कुठे कुठे गेला ते बघा. तुर्कीत शेमशीर, उर्दू-हिंदीत शमशीर, नेपाळात तर थेट घराण्याच्या नावात, चंद्र शमशेर १९०१ ते १९२९ पंतप्रधान होता. युरोपात इटालियन 'शिमितार्रा', फ्रेंच 'सिमतेर', इंग्रजी 'सिमिटर' याच शब्दावरून आले असं सर्रास सांगतात, पण तो शेवटचा 'तार्रा' कुठून आला याचा उलगडा होत नाही म्हणून जाणकार तिथे हात राखून बोलतात. आणि मराठीत समशेर. १७२० च्या बाळापूरच्या लढाईत पराक्रम केला म्हणून दमाजी गायकवाडांना शाहू महाराजांकडून समशेर बहादूर हा किताब मिळाला आणि पुढे बडोद्याच्या गायकवाडांच्या पदवीत तो कायम राहिला. बाजीराव आणि मस्तानीच्या मुलाचं नाव समशेर बहादूर, १७६१ मध्ये पानिपतावर जखमी होऊन पुढे तो वारला, सत्तावीस वर्षांचा. आणि गंमत बघा, मराठ्यांच्या हातात त्या काळी सरळ पात्याची फिरंग आणि धोपसुद्धा भरपूर होती, तरी शब्द समशेर. म्हणजे इथेसुद्धा शब्दाने आकाराची अट घातली नाही.

अजून एक गोष्ट, जी मला पुण्यात शिकणाऱ्या परदेशी मुलांमुळे कळली. तेहरानचा मुलगा म्हणतो शमशीर, सिंहालाही शीर आणि दुधालाही शीर. काबूलचा मुलगा म्हणतो शमशेर, सिंह शेर आणि दूध शीर. जुन्या फारसीत 'ए' आणि 'ई' वेगळे होते, इराणात ते एक झाले, अफगाणिस्तानात आणि हिंदुस्थानात पोचलेल्या फारसीत वेगळे राहिले. म्हणून खेड्यातला शाहीर 'समशेर' म्हणतो तेव्हा त्यातला 'ए' तेहरानच्या आजच्या उच्चारापेक्षा जुना असतो! श चा स आपण केला, पण ए आपण सांभाळला. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

आणि याच शब्दाबद्दल मला मध्यंतरी एक फॉरवर्ड आला, की समशेर मुळात संस्कृत, सम अधिक शिर, शिर समान कापते ती समशेर, इराण्यांनी आपल्याकडून उचललं. पाठवणारे गृहस्थ वयाने मोठे, माझ्याशी कायम प्रेमाने वागणारे, त्यांना मी फोन करून ताक-ए-बोस्तान आणि साम्प्सेरा सांगितलं, ते म्हणाले अरे पण तिकडचे लोकही सिंहाचं सांगतातच ना, मग आपण आपलं सांगितलं तर काय झालं. मला त्या वाक्याचं खरं उत्तर तेव्हा सुचलं नाही. आता सुचतंय ते असं, की संग्रहालयाच्या पाटीवर सिंहाचं नख चालवून घेतलं तर सम-शिरला नको म्हणायचा हक्क आपण घालवून बसतो. दोन्हीचा पुरावा एकच आहे, कानाला बरं वाटतं. खरं नातं हवं असेल तर आहे की, तलवारीसाठीच फारसीत दुसरा शब्द आहे 'तेग', गुरु तेग बहादूर यांच्या नावातला, तो आणि आपला 'तेज' एकाच मुळाचे, संस्कृतात तिज् म्हणजे धार लावणं, तीक्ष्ण करणं. हे ओढूनताणून जमवलेलं नाही, इराणी आणि भारतीय भाषांची सख्खी चुलत नाती अशीच सापडतात, नियमाने. ते नातं सांगा ना मुलांना, आत्मीयता वाटायला ते पुरेसं आहे.

दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात शब्द परका आहे तर ठेवायचाच कशाला, खड्ग म्हणा, असी म्हणा. भाषाशुद्धीचं काम करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, दिनांक, महापौर असे चांगले शब्द त्यातून मिळाले. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला तोही राज्याची गरज म्हणून, विचार करून झाला. पण त्या कामातली माणसं काय दर्जाची होती ते आठवा. माधव जूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन कोल्हापूरला फारसी शिकवायचे, १९२५ साली त्यांनी फार्सी-मराठी कोश छापला, आणि नंतर भाषाशुद्धीचा हिरीरीने पुरस्कार केला. त्यांचं मत मला पटत नाही, समशेर मला मराठीतून जायला नको आहे, पण जे शब्द काढावेत असं त्यांना वाटत होतं त्यांचं मूळ त्यांनी आधी कष्टाने नोंदवून ठेवलं. आज शब्द काढा म्हणणाऱ्यांनी आणि शब्द आपलाच म्हणणाऱ्यांनीही निदान तेवढे कष्ट घ्यावेत, एवढं मागणं जास्त नाही.

त्या दिवशी सहल पुढच्या खोलीत गेल्यावर मी तिथल्या देखरेख करणाऱ्या काकांशी बोललो. ते भले माणूस, म्हणाले साहेब पाटी पंधरा वर्षांपूर्वीची आहे, कोणी तरी कुठून तरी लिहून दिली, तुम्ही अर्ज द्या, बदलायची तर कमिटी बदलेल. मी घरी येऊन अर्ज लिहिला, सोबत पाटीचा मजकूरही लिहून दिला, चार ओळीत बसवला कारण कागद तेवढाच आहे:

'इराणी घडणीची तलवार. फारसीत शमशीर, मराठीत समशेर. हा शब्द सुमारे दोन हजार वर्षं जुना असून पूर्वी सरळ तलवारीलाही हेच नाव होतं. शब्दाचं मूळ अजून निश्चित झालेलं नाही. अशा तलवारींसाठी दख्खनचं पोलाद इराणात जात असे.'

मार्चमध्ये पोच मिळाली, कमिटीची बैठक व्हायची आहे. मे महिन्यात परत तिकडे जाणं आहे तेव्हा बघून येईन.